आपत्तीनंतरचा शोक: "कुणापुढं रडू?" याला काय उत्तर द्यायचं?

नदीकाठ:

नमस्कार मंडळी,

मी समुपदेशक आहे. गेली काही वर्षं आपत्तीनंतरच्या निवारा शिबिरांत स्वयंसेवक म्हणून जाते. आमच्या गटाने नव्या स्वयंसेवकांसाठी एक पुस्तिका करायला घेतली आहे आणि तिच्यातली 'शोक आणि समाज' ही चार पानं माझ्या वाट्याला आली आहेत. दोनदा लिहिली, दोनदा फाडली. म्हणून इथे विचारतेय.

कुठे अडलेय ते कळावं म्हणून आधी एक प्रसंग सांगते.

पुरानंतरचं शिबिर होतं, एका शाळेत. सातवीच्या वर्गात अकरा कुटुंबं. फळ्यावर अपूर्णांकांची गणितं तशीच होती, कुणाला पुसायचं सुचलं नव्हतं. तिथे पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांचे यजमान पाण्यात गेले होते, अजून सापडले नव्हते. मी रोज आमचा छापील प्रश्नांचा कागद घेऊन त्यांच्याजवळ बसायचे. झोप लागते का? जेवण जातं का? तेच तेच डोळ्यांसमोर येतं का? सगळ्याला एकच उत्तर, "बरंय." मग उठून त्या वर्ग झाडायला घ्यायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा. दारापाशी चपलांचा एक जोड होता, चिखल वाळून पांढरा पडलेला. तो उचलायच्या, खालची जागा झाडायच्या आणि चपला पुन्हा होत्या तशाच ठेवायच्या, टाचा भिंतीकडे करून. पाणी ओसरल्यावर घराच्या जागी यजमानांचं तेवढंच सापडलं होतं.

चौथ्या दिवशी, आम्हाला शिकवलंय तसं, मी हळूच म्हटलं, "मावशी, रडावंसं वाटलं तर रडा. मोकळं वाटेल."

त्या रागावल्या नाहीत. लहान मुलीला समजवावं तसं म्हणाल्या, "कुणापुढं रडू, बाई? ह्यातलं एक माणूस आमच्या गल्लीतलं नाही. ह्यांना ते ठाऊक तरी आहेत का?"

माणसं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने यादीत घातली होती आणि यादीप्रमाणे वर्ग वाटले होते. त्यांची एक गल्ली तीन शिबिरांत विखुरली होती. मी समजत होते की दुःख त्यांच्या छातीत अडकलंय आणि ते बाहेर काढणं माझं काम आहे. त्या सांगत होत्या की ज्या माणसांमध्ये ते दुःख व्हायला हवं होतं, तीच माणसं तिथे नव्हती.

माझा प्रश्न असा. एका घरात मृत्यू झाला तर शेजार धावून येतो. शंभर घरांत एकदम झाला तर येणारा शेजारच उरत नाही, किंवा तोही शोकात असतो. अशा वेळी निरनिराळे समाज शोक कसा करतात? आणि बाहेरून आलेल्या माणसाने काय करावं, काय मुळीच करू नये? वाचलेलं, पाहिलेलं, दोन्ही सांगा. शोकाचे पाच टप्पे (नाकारणं, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मला पाठ आहेत. मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून ते मांडले गेले होते. गावच्या गाव वाहून गेल्यावर ते कसे लावायचे, हे मला आजवर उमगलेलं नाही.

पाऊलवाट:

नदीकाठ, तुमच्या मावशींचं वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. दुभाष्याच्या कामानिमित्त मी काही वर्षं जपानच्या ईशान्य भागात होतो, ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर. तिथे पाहिलेलं-ऐकलेलं सांगतो.

आधी यादीबद्दल, कारण तुमचा धागा तिथेच सुरू होतो. १९९५ साली कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. तात्पुरती घरं वाटताना वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य दिलं आणि सोडत काढली. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे जुने शेजार मोडले आणि एकेकटी म्हातारी माणसं अनोळखी रांगांमध्ये जाऊन पडली. त्या घरांत दोनशेहून जास्त माणसं एकटी मेली, काही तर बऱ्याच दिवसांनी कुणाच्या लक्षात आली. जपानीत अशा मरणाला 'कोदोकुशी' म्हणतात, एकाकी मृत्यू. भूकंपातून वाचलेली माणसं होती ही.

पुढे २००४ साली निगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी नावाचं डोंगरातलं गाव पूर्ण रिकामं करावं लागलं. या वेळी वाडी-वाडीची माणसं एकत्र राहतील अशी घरं दिली. ज्याच्याशी तीस वर्षं बांधावरून बोलणं होतं, तोच पुन्हा भिंतीपलीकडे. यंत्रणा तीच, फक्त यादी कोणत्या क्रमाने करायची ते बदललं.

आता शोकाबद्दल. तिथे दहनाची रीत आहे. दहनानंतर घरचे लोक लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात. २०११ मध्ये मियागी प्रांतात स्मशानं पुरेनात, काही बंद पडलेली, इंधन नाही. म्हणून बऱ्याच मृतदेहांचं तात्पुरतं दफन केलं. एकेक खूण, एकेक क्रमांक. मग काही महिन्यांत ते सगळे पुन्हा वर काढून रीतसर दहन केलं. बाहेरच्या माणसाला हा दुहेरी खटाटोप वाटेल. मला एका गृहस्थांनी सांगितलं, "आईला मातीत ठेवलं होतं तेव्हा मी कामावर जात होतो, जेवत होतो, पण कुणी विचारलं तर 'आई गेली' असं म्हणता येत नव्हतं. अस्थी उचलल्या त्या संध्याकाळी म्हणालो."

आणि ओत्सुची नावाच्या गावातला फोन. इतारू सासाकी नावाच्या गृहस्थांनी चुलतभाऊ गेल्यावर, त्सुनामीच्या थोडं आधी, स्वतःच्या बागेत एक पांढरी टेलिफोनची खोली उभारायला घेतली. आत काळा, तबकडी फिरवायचा फोन. तार कुठेच जोडलेली नाही. त्सुनामीने त्या गावातली बाराशेहून अधिक माणसं नेली, तेव्हा त्यांनी ती खोली सगळ्यांसाठी खुली केली. लोक येतात, घरचा जुना नंबर फिरवतात, बोलतात. मी गेलो त्या दिवशी वारा खूप होता. एक आजोबा आत शिरले, रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ नुसते उभे राहिले, मग "हं, हं" एवढंच म्हणत राहिले, जणू पलीकडून कुणी कामं सांगतंय. आत एक वही असते, वाटलं तर लिहायला. ज्या देशात घरच्या देव्हाऱ्यापुढे बसून गेलेल्या आजीला आजचा दिवस कसा गेला ते सांगायची पद्धत आहे, तिथे हे विचित्र नाही. कित्येकांचे ते देव्हारेच वाहून गेले होते. त्या खोलीने लोकांना नवीन काही शिकवलं नाही, येत असलेलं करायला जागा दिली. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तसंच तायो कानेता या बौद्ध भिक्षूंचं. ते सोबती घेऊन शिबिराशिबिरांतून फिरतं चहापान चालवायचे, 'कॅफे द मंक' नावाचं. चहा, गोड काहीतरी, हळू आवाजात जॅझ. उपदेश नाही, प्रश्नावली नाही. लोक हाताला काहीतरी चाळा म्हणून मणी ओवत बसायचे आणि ओवता ओवता बोलायचे. तुमच्या मावशींच्या हातातला झाडू वाचला तेव्हा मला ते मणी आठवले.

नदीकाठ:

पाऊलवाट, मनापासून आभार. झाडूकडे मी 'टाळाटाळ' म्हणून पाहत होते. माझ्या नोंदीत तसं लिहिलंयसुद्धा. उद्या ती नोंद काढून पुन्हा वाचणार आहे.

स्टेथोस्कोप:

मी निवृत्त डॉक्टर, सार्वजनिक आरोग्यात उभं आयुष्य गेलं. बाकी विषयात माझा अधिकार नाही, पण पुस्तिकेत एक गोष्ट ठळक अक्षरांत घालाच, ताई. प्रेतांमुळे साथ पसरते ही भीती नैसर्गिक आपत्तीत बहुतेक वेळा निराधार असते. पुरात, भूकंपात माणूस मरतो तो बुडून किंवा मार लागून. तो आधीच कॉलरासारख्या रोगाने आजारी नसेल, तर त्याच्या देहातून साथ उठत नाही. देह हाताळणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, पिण्याचं पाणी जपावं, एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगते आहे. साथी येतात त्या जिवंत माणसांच्या गर्दीतून आणि घाण पाण्यातून.

तरी दर वेळी तेच होतं. २०१० साली हैतीच्या भूकंपानंतर ट्रक भरभरून मृतदेह तितान्येनच्या माळावर नेऊन पुरले. ना फोटो, ना नाव. त्या समाजात मृताचे संस्कार नीट झाले नाहीत तर त्याला आणि मागे राहिलेल्यांनाही शांती नाही, असं मानतात. कोण कुठे आहे ते आता कुणालाच सांगता येणार नाही. हे नुकसान भूकंपाने केलेलं नाही. आपल्यासारख्या घाईत असलेल्या माणसांनी केलं.

थायलंडमध्ये २००४ च्या त्सुनामीनंतर ताकुआ पा इथलं वाट यान याओ हे बौद्ध मंदिर शवागार बनलं. देवळाच्या आवारात देहांच्या रांगा, आणि ओळख पटवण्याचं काम महिनोन् महिने. वेळ लागला, पण कितीतरी घरांना आपलं माणूस मिळालं. देह ठेवायला शीतगृह नसेल तर तात्पुरतं दफन करता येतं, प्रत्येक देह वेगळा, क्रमांक घालून, चेहऱ्याचा, कपड्यांचा, अंगावरच्या खुणांचा फोटो काढून. पाऊलवाट यांनी सांगितलेलं जपानचं उदाहरण हेच आहे.

माझ्या उमेदीत एका आपत्तीच्या वेळी मी स्वतः 'लवकर उरका' असा सल्ला दिला होता. तेव्हा तेच शिकवलं जात होतं. एक मुलगा दोन दिवसांनी आला आणि वडील कुठे पुरलेत ते मला विचारू लागला. मी हाताने एक लांबलचक पट्टा दाखवला. त्याने विचारलं, "यातले कुठे?" याला आता पस्तीस वर्षं झाली.

उलट बाजू:

सगळं वाचलं. वरचं कुठलंही उदाहरण खोडून काढायचं नाही, पण पुस्तिकेत 'संस्कृती' म्हणजे नुसती ऊब असं चित्र जाऊ नये ही कळकळीची विनंती.

१ सप्टेंबर १९२३ ला तोक्यो-योकोहामा परिसरात भूकंप झाला, मागोमाग आगी. कोरियन लोक विहिरींत विष घालताहेत अशी अफवा उठली. मोहल्ल्यांनी आपापली राखण करायला टोळ्या केल्या आणि हजारो कोरियन माणसांना मारलं. एकजूट होती, शेजार होता, एकमेकांवर विश्वास होता. त्या विश्वासाचं कुंपण कुठवर, हा प्रश्न होता. आपत्तीत समाज घट्ट होतो तेव्हा बाहेर कोण राहिलं ते पाहायला हवं. तुमच्या शिबिरात परगावहून कामाला आलेली माणसं असतीलच. त्यांचं गेलेलं माणूस कुणाच्या यादीत आहे का, तेवढं बघा.

दुसरं, शोकाचे अलिखित नियम. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या आबेरवान या कोळसा खाणीच्या गावात खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा घसरून शाळेवर आला. १४४ मृत, त्यात ११६ मुलं. वाचलेल्या मुलांनी मोठेपणी सांगितलं की कितीतरी दिवस ती बाहेर खेळायला जात नसत, कारण त्यांना खेळताना पाहून ज्यांची मुलं गेली त्या आईबापांना काय वाटेल. कुणी मनाई केली नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना ते आपोआप कळलं होतं. गावाची माया खरी होती आणि त्याच मायेखाली ती मुलं गप्प झाली. अशा मुलांना विचारायला कुणीतरी बाहेरचंच लागतं. तेव्हा 'आपली माणसं' हा प्रत्येक वेळी पूर्ण इलाज असेलच असं नाही.

आबेरवानची आणखी एक गोष्ट, कारण ती राग आणि शोक यांची आहे. उरलेले ढिगारे हटवायच्या खर्चापोटी मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले, म्हणजे मेलेल्या मुलांच्या नावाने जगाने पाठवलेल्या पैशांतून. ते १९९७ साली परत केले, तेही व्याजाशिवाय. ज्यांच्यामुळे घडलं त्यांनी कबुली दिली नाही तर शोक पुढे सरकत नाही. मेणबत्त्या आणि प्रार्थनासभा त्याची जागा घेत नाहीत. पण त्याच गावात आपत्तीनंतर पुरुषांचं एक गायकवृंद उभं राहिलं, आणि तरुण बायकांनी दर आठवड्याला भेटायचं मंडळ काढलं. ही दोन्ही कामं बाहेरच्या तज्ज्ञांनी सुचवलेली नव्हती.

खाडीपलीकडे:

माझा अभ्यास थोडा, पण अंदमान-निकोबारबद्दल एक मुद्दा. निकोबारी समाजात 'तुहेत' नावाचं मोठं एकत्र कुटुंब असतं. बागा, डुकरं, होड्या, सगळं तुहेतचं. २००४ च्या त्सुनामीनंतर आधी पत्र्याचे निवारे आणि मग पक्की घरं मिळाली ती नवरा-बायको-मुलं अशा हिशेबाने. नुकसानभरपाईही तशीच, एकेकाच्या बँक खात्यात. शोक करणारं घटकच कागदावर नव्हतं. १९७२ साली अमेरिकेत बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा खाणीचा बांध फुटून १२५ माणसं गेली, तेव्हाही फिरत्या घरांच्या वसाहतींत लोकांना शेजार न बघता ठेवलं होतं. काई एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या लोकांशी बोलून मांडलं की व्यक्तीला बसतो तो धक्का वेगळा आणि माणसामाणसांतलं विणकाम उसवतं तो धक्का वेगळा, आणि दुसरा बसल्यावर पहिला भरून यायला फार अवघड जातं. नदीकाठ, हे तुमच्या मावशी एका वाक्यात म्हणाल्या आहेत.

सिमेलुए बेटाचंही लिहा. सुमात्राजवळचं हे बेट. १९०७ च्या त्सुनामीत खूप माणसं गेली. त्या दुःखाचं त्यांनी गाणं केलं. भूकंप झाला, समुद्र मागे हटला की 'स्मोंग', म्हणजे त्सुनामी, येणार, डोंगराकडे पळा. आज्या नातवंडांना झोपवताना हे गात राहिल्या. २००४ मध्ये शेजारच्या आचे प्रांतात दीड लाखाहून अधिक माणसं गेली. सिमेलुएवर सुमारे ७८ हजारांपैकी सात. शंभर वर्षांपूर्वीचा शोक अंगाईत टिकून होता म्हणून.

चौथा कोपरा:

मी इथे सहसा लिहीत नाही. माझे वडील एका दरडीखाली गेले, मी अकरा वर्षांची होते. देह मिळाला नाही. सगळेजण 'गेले' म्हणाले, पण आमच्या घरात कुणी तो शब्द उच्चारायचं नाही. कागदावर मृत्यूची नोंद करायला आईची सही हवी होती. तिने खूप वर्षं केली नाही. लोक म्हणायचे, अजून स्वीकारत नाही. तिला सगळं समजत होतं. तिला भीती होती की सही केली की शोधणं थांबेल आणि ते तिच्यामुळे थांबेल.

पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने अशा शोकाला 'संदिग्ध वियोग' म्हणावं असं काही म्हटलंय ते मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं. माणूस मनात आहे आणि समोर नाही, आणि निकाल कधीच लागत नाही. त्यांचं म्हणणं, इथे निकाल लावून घ्यायची जबरदस्ती करू नका, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत असं जगता येतं. हे त्या वेळी कुणी आईला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मावशींच्या चपला कुणी आवरून ठेवू नयेत, एवढंच सांगायला आले.

पाऊलवाट:

चौथा कोपरा, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत. जपानमध्येही अडीच हजारांच्या आसपास माणसं अजून बेपत्ता आहेत. सरकारने २०११ च्या जूनमध्ये देह नसतानाही मृत्यूची नोंद करायची पद्धत सोपी केली, वर्षभर थांबायला नको म्हणून. काहींना त्याचा उपयोग झाला, काहींनी अर्जच नेला नाही. आणि किनाऱ्यावर ११ तारखेला पोलीस काठ्यांनी वाळू उकरत शोध घेत असतात. कितीतरी वर्षं झाली तरी. घरचे लोक बाजूला उभे राहून बघतात. काही सापडेल या आशेपेक्षाही, शोध चालू आहे हे दिसणं त्यांना हवं असतं, असं मला तरी वाटलं.

नदीकाठ:

रात्री उशिरा लिहितेय. सगळ्यांचं दोनदा वाचलं.

जुनी नोंदवही काढली. 'रुग्ण संवाद टाळते, यांत्रिक हालचाली, सतत साफसफाई.' हे माझ्या अक्षरात आहे. त्याखाली आज तारीख घालून लिहिलं की त्या चपलांची राखण करत होत्या.

पानांचा आराखडा आता असा दिसतोय. पहिलं पान पूर्ण यादीवर: माणसं नोंदवताना गल्ली, वाडी, वस्ती विचारा आणि एकत्र ठेवा. विखुरली असतील तर कोण कुठल्या शिबिरात आहे ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा आणि जायला-यायला गाडी द्या. यात मानसशास्त्र काही नाही, पण हेच आधी. दुसरं पान देहांचं, स्टेथोस्कोप काका सांगतात तसं. काका, तो मुलगा आणि तो प्रश्न तुमचं नाव न घालता वापरू का? तुमची परवानगी असेल तरच. तिसऱ्या पानावर बेपत्ता माणसांची घरं. चौथ्यावर उलट बाजू यांचे मुद्दे: कुंपणाबाहेर राहिलेले लोक, गप्प झालेली मुलं, आणि जबाबदारीची कबुली. कबुलीचं काम स्वयंसेवकाच्या हातात नाही, पण माणसं चिडून बोलत असतील तर त्यांना 'शांत व्हा' म्हणू नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

'मोकळेपणाने बोला, रडा' हे एकाच बैठकीत सगळ्यांकडून करून घ्यायची जी पद्धत होती, ती आता जागतिक आरोग्य संघटनाही करू नका म्हणते. २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर स्थानिक समाजाचे शोकविधी होतील अशी सोय करणं हे मदतकार्याचाच भाग म्हणून लिहिलंय. मी हे प्रशिक्षणात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरीही वर्गात जाऊन मी मावशींना रडायलाच सांगितलं.

त्यांच्याबद्दल विचारलंत कुणी, निरोपात. पाचव्या दिवशी मी त्यांच्या गल्लीतल्या दोघी दुसऱ्या शिबिरात शोधल्या आणि मदत-सामानाच्या टेम्पोतून घेऊन आले. त्या तिघी भिंतीला टेकून बसल्या. मी बाहेर व्हरांड्यात थांबले, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. रडण्याचा आवाज आला नाही. एकदा हसण्याचा आला. यजमानांना काहीतरी लोक म्हणायचे, कसलंसं टोपणनाव, ते दोन-तीनदा ऐकू आलं. निघताना त्यातली एक जण मला म्हणाली, "उद्या पण आणा गाडी." दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी मिळाली.

पाऊलवाट, एक विचारायचं राहिलं: त्या फोनजवळच्या वहीत लोक एकमेकांचं लिहिलेलं वाचतात का, की पानं झाकून ठेवतात? आमच्या शिबिरांत अशी वही ठेवावी का, असं मनात आहे, पण कुणाचं खासगी उघड्यावर पडायला नको. मसुदा मंगळवारी इथेच टाकते.